गळाची खूण

टॅमरॅक लेक,
१० मार्च १९७६

चि. लोवेल यास ऑर्फाआत्याचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. रविवारी तुझा सिनेमा पाहिला. हा सतरावा, मी मोजते. पहिल्यात बाई आंधळी होती, दुसऱ्यात तिचं बाळ पळवलं, आणि त्या विमानाच्या सिनेमात तर जाहिरात लागेपर्यंत मी उशीचा कोपरा दातांत धरून बसले होते. प्रत्येक वेळी शेवटी तुझं नाव येतं आणि मी उगाचच ॲप्रन सारखा करते. आपल्या उन्हाळी थिएटरात खुर्च्या मांडणारा माझा भाचा आज अख्ख्या देशाला आपापल्या घरी बसवून रडवतो, याचा मला ताठा आहे. लपवत नाही.

या वेळी तर तू आपल्याच कोठारातल्या थिएटरवर सिनेमा काढलास. म्हणून मी सात माणसं बोलावली. वाणीसामानवाला फ्लॉइड स्वतःच्या खुर्च्या घेऊन आला, म्हणाला, की तुझ्या खुर्च्यांवर बसून माझी पाठ गेली तर तुझा लोवेल काय माझ्यावरही सिनेमा काढणार? वर्ना शेजारून ॲपल पाय घेऊन आली. कोठार दिसलं तशा आम्ही टाळ्या वाजवल्या. मग हिरव्या मखमली गाऊनमधली नटी आली, डाव्या मनगटाला, वर्ना स्टेजवर बांधायची तसा, रुमाल बांधलेली. वर्ना हसून म्हणाली, की एवढी बारीक मी जन्मात नव्हते.

त्यानंतर त्या नटीच्या आरशाखालून तू बाटली काढलीस. दुसऱ्या अंकात ती झोकांड्या खात आली, वाक्य आठवेना, लोक हसले, पडदा पडला. लगेच भांडी घासायच्या साबणाची जाहिरात. ती चालू असताना कुणी कुणाकडे बघेना. ती संपली तेव्हा वर्नाची खुर्ची रिकामी होती. कोट नेला, पायचं काचेचं भांडं इथेच राहिलं. ते अजून माझ्या ओट्यावर आहे. नेऊन द्यायला पाय उचलत नाही.

आपलं मेथडिस्ट चर्च तुला माहीत आहे. दारूचं नाव काढलं तरी बायका खिडक्या उघडतात. काल समितीच्या मिसेस प्रुइट वर्नाकडे गेल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, की यंदा ईस्टरचं मुलांचं नाटक दुसरं कुणी बसवील, तू जरा विश्रांती घे. सतरा वर्षं ती बसवते आहे रे. तिला दुसरं काय आहे?

बाळा, सिनेमातल्या बाईचं नाव बदललंस, पण मनगटाचा रुमाल ठेवलास. असं का केलंस, एवढंच कळव.

जेवत जा. माया आहे तेवढीच आहे, पण आज जरा दुखावलेली आहे.

तुझी,
ऑर्फाआत्या


लॉस एंजेलिस,
२० मार्च १९७६

ती. ऑर्फाआत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. दोनदा वाचलं आणि खिशात घातलं. उत्तराला उशीर झाला, कारण रोज नवी सबब सुचत होती.

आत्या, इथलं काम तुला सांगतो. दर बारा मिनिटांनी जाहिरात येते. तिच्याआधी असं काही घडावं लागतं, की माणूस स्वयंपाकघरात जाऊन परत टीव्हीपुढे आलाच पाहिजे. मूळ कथेत ती नटी फक्त वाक्य विसरते. वाहिनीचे साहेब म्हणाले, की विसरली म्हणजे काय? आमची आजीही विसरते. कारण दाखवा. मी कारण दाखवलं.

मी काही हवेतून आणलं नाही. १९५४च्या त्या खेळात वर्नाताईंच्या अंगाला दारूचा वास येत होता, हे सगळ्या कंपनीला माहीत होतं. मी विंगेत वही धरून, अडलेलं वाक्य द्यायला, प्रॉम्प्टिंगला होतो, माझ्यापासून त्या दोन हातांवर होत्या. मलाही आला होता. बावीस वर्षं लोटली, त्या स्वतः सिनेमा पाहतील, तुझ्या घरी बसून पाहतील, हे मनातच आलं नाही. रुमाल मात्र मुद्दाम ठेवला. तो खरा वाटत होता म्हणून.

न्यूयॉर्कमध्ये माझी स्वतःची दोन नाटकं पडली, त्यातलं एक नऊ दिवसांत. इथे मला काम मिळालं ते हा नाटकवाला वेळेवर पडदा वर नेतो, एवढ्याच ख्यातीवर. खोड मात्र नाटकाचीच राहिली. आज चुकलं तर उद्याच्या खेळात सुधारू, असं अजून वाटतं. इथे उद्याचा खेळ नसतो. जुलैत सिनेमा पुन्हा दाखवतील तेव्हा जमलं तर बाटली कापून घेतो.

वर्नाताईंना माझा नमस्कार सांग. किंवा नको सांगूस.

तुझा,
लोवेल


टॅमरॅक लेक,
४ एप्रिल १९७६

चि. लोवेल यास आत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस शिवणाला हात लावला नाही. तो वास वर्नाचा नव्हता. माझा होता.

म्हणजे असं, की कपडेपट माझ्याकडे. मखमल धुता येत नाही, आणि जुलैच्या घामाने गाऊनला वास मारायचा. त्यावर आम्हा कपडेपटातल्या बायकांचा एकच उपाय. कडक दारूत थोडं पाणी घालायचं, काखेत आणि गळ्यापाशी फवारायचं, आणि तासभर वाऱ्यावर टांगायचं. घामाचाही वास जातो आणि दारूचाही. त्या दिवशी मला उशीर झाला. घाईघाईत दुप्पट फवारलं आणि तो गाऊन ओलाच तिच्या अंगावर चढवला. ती म्हणालीसुद्धा, की ऑर्फा, मला आज खुंटीवर टांगणार की स्टेजवर पाठवणार?

खेळ फसल्यावर ती प्यायली होती अशी कुजबुज सुरू झाली. मी तोंड उघडलं नाही. ती दारू माझ्या कपाटात होती, आणि या गावात विधवा बाईच्या कपाटात बाटली निघाली म्हणजे काय होतं ते तू जाणतोस. आज बोलते, उद्या बोलते, म्हणता म्हणता ती कंपनी सोडून गेली. चार वर्षांनी परत आली ती माझ्याच शेजारी राहायला. रोज सकाळी मी तिच्याबरोबर कॉफी पिते. लोवेल, अठरा वर्षांच्या कॉफ्या.

आता दुसरं. तो गाऊन बघावा म्हणून मी जुनी पेटी उघडली. गाऊन कसरीने खाल्ला आहे. पण खाली तुझी प्रॉम्प्टची वही सापडली, ‘न्यायाधीशाची विधवा’, १९५४. एकसष्टाव्या पानावर, तिचं वाक्य अडलं तिथेच, समासात तुझ्या पेन्सिलीची खूण आहे, माशाच्या गळासारखी. मी शाळा चौथीपर्यंत केली, पण कंपनीत वीस वर्षं काढली. तसली खूण मी इतर वह्यांतही पाहिली आहे. तिचा अर्थ मला वाटतो तोच असेल तर तूच लिही. मला तुझ्याकडून हवा आहे.

माझं मन आज कुणाला आशीर्वाद देण्याच्या लायकीचं नाही. तरी घे.

आत्या


लॉस एंजेलिस,
१५ एप्रिल १९७६

ती. आत्यास सा. न.

तुला वाटतो तोच अर्थ आहे. गळ म्हणजे नट इथे थांबतो. मुद्दाम थांबतो. प्रॉम्प्टरने तोंड मिटून बसायचं.

आदल्या दिवशीच्या तालमीत वर्नाताई त्या वाक्याआधी अशा थांबल्या, की माझ्या अंगावर काटा आला. ‘या घरात मी कधीच पाहुणी नव्हते’, एवढंच वाक्य. मी वीस वर्षांचा होतो, भारावलो, आणि कुणालाही न विचारता समासात गळ काढला. खेळात त्या तिथे थांबल्या. मी मनात मोजत होतो आणि धन्य होत होतो. अकरा मोजले तेव्हा तिसऱ्या रांगेत कुणीतरी हसलं.

इथवरची चूक मूर्खाची. पुढची माझी. त्यांनी मान न वळवता नुसते डोळे विंगेकडे फिरवले. मला तेव्हाच कळलं. माझं बोट वाक्यावर होतं. पण आता वाक्य दिलं असतं तर इतका वेळ का दिलं नाही, हे सगळ्यांना कळलं असतं. मी पडद्याची दोरी सोडली.

आमचे दिग्दर्शक केटरिंगसाहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, की पोरा, तू वेळेवर पडदा पाडलास म्हणून आमची अब्रू वाचली. त्या शरदात ते मला न्यूयॉर्कला घेऊन गेले. बाकी सगळं त्यातून आलं, आत्या. सतराच्या सतरा सिनेमे. बाटलीची गोष्ट मला साहेबांनी सुचवली नव्हती, ती मी धरूनच बसलो होतो. त्या प्यायल्या होत्या म्हटलं की माझा गळ पुसला जायचा.

जुलैत बाटली कापायला वाहिनीने नकार दिला. पंचवीस तारखेला सिनेमा आहे तसाच लागेल. फार तर माझं नाव काढून तिथे एखादं बनावट नाव घालू, म्हणतात. मी हो म्हणणार आहे. त्या सिनेमाखाली माझं नाव मला बघवणार नाही.

माया कर म्हणायला तोंड नाही.

लोवेल


टॅमरॅक लेक,
२८ एप्रिल १९७६

चि. लोवेल यास,

खबरदार नाव काढलंस तर! बावीस वर्षं विंगेत लपलास, आता नावालाही विंगेत ढकलतोस? राहू दे ते तिथेच. ज्याचं काम त्याचं नाव.

ईस्टर होऊन गेला. मुलांचं नाटक मिसेस प्रुइटनी बसवलं. देवदूत प्रेक्षकांकडे पाठ करून उभे होते. वर्ना शेवटच्या बाकावर बसून ओठांनी प्रत्येकाचं वाक्य म्हणत होती.

मी तिचं भांडं घेऊन गेले आणि उंबऱ्यातच माझा अर्धा वाटा सांगून टाकला. तुझा सांगितला नाही, तो तुझ्या तोंडचा आहे. ती बराच वेळ भांडं पुसत राहिली. ते कोरडंच होतं. मग म्हणाली, की त्या दिवसानंतर माझी स्मरणशक्ती गेली असं समजून मी स्टेजवर पाय ठेवला नाही. डॉक्टरलासुद्धा दाखवून आले. मग म्हणाली, की उद्या कॉफीला येऊ नकोस. नऊ दिवस गेले नाही. दहाव्या दिवशी तिनेच खिडकीतून हाक मारली, की दूध नासतंय माझं.

तू तिला सगळं लिही. एक ओळ गाळू नकोस. ११ जुलैला रविवारी दुपारी कोठारात हंगामाचा पहिला खेळ आहे. वर्ना ‘विधवा’तला तो एक प्रवेश करणार का, असं बायकांचं मंडळ विचारतं आहे. ती अजून हो म्हणाली नाही.

माझी माया तशीच आहे. तिला उजळायला थोडा वेळ लागेल.

आत्या


टॅमरॅक लेक,
२७ जुलै १९७६

चि. लोवेल यास वर्नाचे आशीर्वाद.

तुझं मे महिन्यातलं पत्र मी पेटीत ठेवलं आहे, उत्तर दिलं नव्हतं. रागाने बरीच उत्तरं लिहिली, त्यातली काही फार सुंदर होती. फाडली.

अकरा तारखेच्या खेळाला तू आलास ते बरं केलंस. पडद्यापुढे उभं राहून, टोपी हातात चुरगाळत, अख्ख्या गावाला सांगितलंस, की ती प्यायलेली नव्हती, मी वाक्य दिलं नाही, आणि नंतर सिनेमात खोटं घातलं. ऑर्फाही मध्येच पहिल्या रांगेतून उठून म्हणाली, की बाटली माझी होती. मिसेस प्रुइटचा पंखा हलायचा थांबला. फ्लॉइड मागून म्हणाला, की अजून कुणाला काही कबूल करायचं असेल तर आत्ताच करा, खुर्च्या टोचतायत. सगळे हसले, पण तुझी मान वर झाली नाही. ते मी विंगेतून पाहत होते.

मग तू आपल्या जुन्या जागी जाऊन बसलास आणि मी स्टेजवर गेले. एकाहत्तराव्या वर्षी गुडघे वाजत होते, पहिल्या रांगेला ऐकू गेलं असेल. त्या वाक्यापाशी मी थांबले. आणि तू क्षणही जाऊ दिला नाहीस. इतक्या मोठ्याने वाक्य दिलंस, की तळ्यावरची बदकं उडाली असतील. मी वळून तुला सगळ्यांदेखत म्हणाले, की लोवेल, मूर्खा, मी मुद्दाम थांबले होते! अख्खं कोठार हसून हसून लोळलं. तू कानापर्यंत लाल झालास. मग मी वाक्य म्हटलं, आणि टाळ्या झाल्या.

परवा सिनेमा पुन्हा लागला. ऑर्फा टीव्ही बंद करायला उठली, मी तिला बसवलं. ती बाई झोकांड्या खात आली. दुखलं. देशभर ज्या घरांत ती दिसली त्या घरांत तू टोपी चुरगाळत जाऊ शकत नाहीस, हे मला कळतं, तुलाही कळत असेल. पण शेवटी तुझं नाव आलं. होतं तिथेच. मी ते पूर्ण वाचलं.

नाताळचं नाटक समितीने मला दिलं आहे. देवदूतांना पुढे तोंड करायला शिकवते आहे.

आता एकच गोष्ट, ती ऑर्फाला सांगायची नाही. त्या दुपारी मी मुद्दाम थांबले नव्हते. वाक्य गेलं होतं. अगदी कोरं. तू दिलं नसतंस तर मी परत तशीच उभी राहिले असते. तुला सगळ्यांसमोर मूर्ख म्हटलं ते स्वतःला झाकायला, आणि तू तोंडातून ब्र काढला नाहीस. तुला तेव्हाच कळलं होतं, हे तुझ्या डोळ्यांत मला दिसलं.

प्रॉम्प्टची वही मी ऑर्फाकडून मागून घेतली, ती सोबत पाठवते आहे. एकसष्टाव्या पानावरचा तुझा गळ मी खोडलेला नाही. त्याच्याखाली शाईने लिहिलं आहे, की इथे बाई थांबली तरी वाक्य द्यावं.

येत जा. राग उतरतो आहे, लोभ मागून येईल.

तुझी,
वर्ना टिसडेल