मागचा बंपर, डावा कोपरा

३ मार्च, सकाळी ९.१०
आज रिव्हर्स पार्किंगचा धडा. विद्यार्थिनी : सिस्टर. निवृत्त नर्स, वय साठ. नवऱ्याला आठवड्यातून तीनदा उपचारांसाठी हॉस्पिटलात न्यावं लागतं. टॅक्सीवाले ऐन वेळी दगा देतात, म्हणून या वयात गाडी शिकतायत. टेस्ट १४ तारखेला.

त्यांना शिक्षकाच्या सीटवर बसवलं, स्टिअरिंग स्वतः घेतलं आणि मागे कसं यायचं ते दाखवलं. मैदानाच्या फाटकाचा खांब नको तितका पुढे आलेला आहे. त्याचा आणि गाडीचा संबंध आला. मागचा बंपर, डावा कोपरा. शिवाय दिवा.

सिस्टरनी शिक्षकाच्या सीटपुढचा जादा ब्रेक दाबला. मी दाबणारच होतो. लगेच त्यांना सांगितलं, हे मुद्दाम केलं, रिव्हर्स घेताना काय करू नये ते कळावं म्हणून. त्यांनी वहीत लिहून घेतलं. शिक्षकाला प्रसंगावधान हवं.

सकाळी ११
क्लेम करायचा नाही. मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलंय : ‘बारा वर्षं, एकही क्लेम नाही.’ ठरलं. विषय संपला.

४ मार्च
विषय संपलेला नाही. डिकी उघडत नाही. गॅरेजवाल्याने आकडा सांगितला, मी त्याच्या स्टुलावर बसलो. बायकोने विचारलं, इन्शुरन्स काय लोणचं घालायला घेतलाय का. तिला तत्त्व नावाची गोष्ट कळत नाही.

क्लेम करायचा.

६ मार्च
फॉर्म घेऊन बसलो. सगळं भरून झालं, एक रकाना उरला : ‘अपघाताच्या वेळी वाहन कोण चालवत होते?’ दोन तास गेले. माझं नाव लिहिलं, तर ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने जागच्या जागी उभ्या असलेल्या खांबाला गाडी ठोकली, असा कागद त्या ऑफिसात कायमचा राहणार.

शेवटी लिहिलं : ‘वाहन शिकाऊ व्यक्तीच्या ताब्यात होते.’ एका अर्थी खरंच आहे. ब्रेक त्यांच्याकडेच होता.

७ मार्च
सिस्टर म्हणाल्या, आज रिव्हर्स घेऊ या. मी म्हटलं, आधी पुढे जाणं पक्कं करा. तासभर पुढेच गेलो.

सध्या गाडी बोळात नाक आत घालून उभी करतो. बाहेर काढायला शेजाऱ्याला सांगतो. त्याला सराव हवा.

९ मार्च, सकाळी १०.३०
इन्शुरन्स कंपनीचा सर्व्हेअर आला. हडकुळा माणूस, काखेत फाइल. टेपने पोच्याची उंची मोजली, फोटो काढले. जाताना सिस्टरचा नंबर मागितला. दिला. तळव्यांना घाम. हवा दमट आहे.

११.१५
त्यांना आधी मीच फोन केलेला बरा.

११.२०
एंगेज.

११.२५
एंगेज. टेलरशी वगैरे बोलत असतील.

११.४०
एंगेज. इतका वेळ टेलरशी कोण बोलतं?

१२.०५
सिस्टरचाच फोन. सर्व्हेअरने विचारलं ते सगळं सांगितलं म्हणाल्या : गाडी सर चालवत होते, पण मुद्दाम. वहीतून वाचूनच दाखवलं. बरोबर सांगितलं ना, असं मला विचारलं. बरोबर म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

१० मार्च
सर्व्हेअरचा फोन. फॉर्म एक सांगतो, बाई दुसरं. उद्या पाचपर्यंत लेखी हवंय. शिकाऊ व्यक्ती चालवत होती म्हणायचं, तर त्यांची सही लागेल. मुद्दाम केलं म्हणायचं, तर क्लेम रद्द. माझी चूक म्हणायचं, तर क्लेम लगेच पास. ‘लक्ष नव्हतं’ एवढं लिहिलं तरी पुरे, असं त्यानेच सुचवलं. भला माणूस आहे. पण माणसं कळत नाहीत त्याला.

११ मार्च, दुपारी ३.३०
‘लक्ष’ लिहिलं. फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. बायको म्हणाली, लिहून मोकळे व्हा, वाचतंय कोण. मी वाचतोय ना!

संध्याकाळी ६
इन्शुरन्सच्या ऑफिसात जाऊन सही केली. ‘नुकसान प्रशिक्षणासाठी हेतुपुरस्सर केले.’ सर्व्हेअरने कागद दोनदा वाचला, मग माझ्याकडे बघितलं. क्लेम रद्द. म्हणजे काचेवरचं वाक्य आजही खरं आहे. ताठ मानेने बाहेर आलो. माझ्या गाडीपुढे कुणीतरी लावलेली गाडी निघेपर्यंत चाळीस मिनिटं आवारात बसलो. मागे भरपूर जागा होती.

१३ मार्च
टेस्टच्या आधीचा शेवटचा धडा. सिस्टर हटूनच बसल्या : एकदा तरी करून दाखवा. स्टिअरिंगवर बसलो. रिव्हर्स टाकला. आरशात पाहिलं, पुन्हा पाहिलं. गिअर काढला, पेट्रोल कमी आहे म्हणालो. काटा अर्ध्यावर होता, त्यांनी तो पाहिला.

भीती वाटते. हे फक्त इथे लिहितोय.

१४ मार्च
टेस्ट. चढ, वळण, सिग्नल, सगळं अचूक. मग इन्स्पेक्टरने रिव्हर्स घ्यायला सांगितलं. सिस्टरनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी कुंपणापाशी उभा होतो. बुटांकडे बघत राहिलो.

नापास. पुढची तारीख महिन्याने. तोवर नवऱ्याला घेऊन पुन्हा टॅक्सीवाल्यांच्या मागे लागणं आलं. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. फार लाज वाटली.

शेवटी मीच म्हणालो, त्या दिवशी मुद्दाम नव्हतं केलं. मागे बघितलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे. तुमचा मान राहावा म्हणून त्या माणसाला तसं सांगितलं. ब्रेक कुणी दाबला होता, सर?

मी म्हटलं, उद्या सकाळी सातला या. पूर्ण तास फक्त रिव्हर्स. फी नको.

त्यांनी पर्स बंद केली आणि शांतपणे विचारलं, शिकवणार कोण?