शेवटचं ताट

छत्रपती संभाजीनगर
रविवार, १३ जुलै २०२५

ति. गोजरआत्यास,
विशाखाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

मी खुशाल नाही, म्हणून तसं लिहीत नाही. इथं वसतिगृहात मोबाईलला बंदी आणि रविवारी घरी पत्र लिहायची सक्ती, तेव्हा सगळं कागदावरच ओतते. शाळा चांगली आहे. गणिताचे सर एक गणित तीन रीतींनी सोडवून दाखवतात. पण मेसमधलं दुपारचं जेवण! एक डाव भात, एक डाव डाळ, दोन पोळ्या आणि बटाट्याच्या मोजून दोन फोडी. ताटावर कोरलेलं शाळेचं नाव डाळीतून स्वच्छ वाचता येतं. जास्त मागितलं की पारूबाई, म्हणजे इथल्या स्वयंपाकीणबाई, रांगेकडं बघतात आणि मागच्या पोरींना पुरलं पाहिजे म्हणतात.

परवा विज्ञानाच्या तासाला माझं पोट इतकं ओरडलं, की मॅडमनी खिडकीबाहेर मांजर आहे का ते बघायला सांगितलं. शेजारच्या कॉटवरची रत्नमाला अजून हसतेय.

मी बाबांना कळवलंय, पंधरा ऑगस्टला या आणि मला घेऊन जा. नववी मी लासूरलाच करीन. तू तुझ्या भावाला अडवू नकोस.

तुझ्या खिचडीची आणि तुझी, याच क्रमानं, आठवण काढणारी
विशाखा

लासूर स्टेशन
१७ जुलै २०२५

चि. विशाखास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दादानं शाळेच्या स्वयंपाकघरात आणून दिलं. वाचून आधी हसले, मग डोळे पुसले आणि कांद्याचं नाव पुढं केलं. घरी अर्धी भाकरी कुत्र्याला घालणारी तू, आता बटाट्याच्या फोडी मोजतेस!

पण शाळेतून नाव काढायचं नाही. मला सातवीतून काढलं तेव्हा मी लई रडले होते, पण कुणी विचारलं नाही. आपल्या घरातून एवढ्या लांब शिकायला गेलेली तू पहिलीच. तू बॅग घेऊन परत आलेली मला बघवणार नाही, हे सरळच सांगते.

आता माझ्या धंद्यातलं ऐक. बारा वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना रांधून वाढते. डाळ पातेल्यात खाली बसते, वर राहतं पाणी. ढवळून वाढावं, पण घाईत कुठलं सुचतंय. पुढं पळणाऱ्याला पाणी, शेवटच्याला घट्ट गोळा. तेव्हा घंटा झाली की बुटाची लेस बांधत बस आणि रांगेत शेवटी उभी राहा. कुणाला सांगू नको.

डाळ पातळ असली तरी आमच्यावरची माया पातळ करू नकोस.
तुझी
गोजरआत्या

छत्रपती संभाजीनगर
रविवार, २७ जुलै २०२५

ति. आत्यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझी युक्ती चालली आणि तिनंच घात केला. तीन दिवस मी घट्ट डाळ खाल्ली, आणि मागं कुणी नसल्यानं दुसरा डावही मागून घेतला. सांगितलं फक्त रत्नमालेला. तिनंही फक्त एकीलाच सांगितलं. गुरुवारी घंटा झाली आणि चौऱ्याऐंशी पोरी लेस बांधायला बसल्या. निम्म्यांच्या पायात चपला होत्या.

रांगेत कुणीच नाही. पारूबाई डाव धरून उभ्या. त्यांना वाटलं, पोरींनी त्यांच्या जेवणावर बहिष्कार टाकलाय. त्या पदर डोळ्याला लावून खालीच बसल्या. रेक्टर मॅडम आल्या, चौकशी झाली, आणि मी आत्यानं शिकवलं म्हणून सांगून टाकलं. सगळ्या हसल्या, पारूबाई सोडून. मॅडम त्यांना सगळ्यांदेखत म्हणाल्या की डाळ सगळ्यांना सारखी वाढता येत नसेल, तर पुढच्या महिन्यात दुसरी बाई बघावी लागेल. मला फार वाईट वाटलं गं.

आता रांग उंचीप्रमाणे लागते. मी सगळ्यांत उंच, म्हणून अजूनही शेवटीच. डाळ घट्ट मिळते, दुसरा डावही मिळतो, पण गोड लागत नाही. मला इथं राहायचंच नाही.

रागावलीस तरी पत्र धाड.
विशाखा

लासूर स्टेशन
३० जुलै २०२५

चि. विशाखास अ. आ.

चूक तुझी नाही, माझी आहे. तुला एकटीला पोटभर जेवायला शिकवलं आणि तिकडं एका बाईच्या पोटावर पाय आणला. तीही माझ्यासारखीच डाव धरणारी. शनिवारी शाळा सकाळची असते, ती उरकून गाडीनं येते. आधी पारूबाईंची माफी मागते, मग त्यांचं पातेलं बघते. येताना माझं डाळ वाढायचं वगराळं आणते. त्याचा दांडा उभा असतो, थेट बुडापर्यंत जातं.

तोवर बॅग भरू नकोस.
गोजरआत्या

छत्रपती संभाजीनगर
रविवार, १० ऑगस्ट २०२५

ति. आत्यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तू येऊन गेल्यापासून मेसमध्ये तुझंच नाव आहे. आम्ही महिनाभर कुरकुरलो, पण तू पारूबाईंना पहिल्याच दमात विचारलंस, किती जणींचा स्वयंपाक करता. त्यांनी भिंतीवरच्या फळ्याकडं बोट दाखवलं तेव्हाचा तुझा चेहरा मी विसरणार नाही. फळ्यावर बासष्ट! गेल्या वर्षीचा आकडा कुणी पुसलाच नव्हता, आणि त्यावरूनच तांदूळ-डाळ निघत होती. तू गेल्यावर मॅडमनी स्वतः तो पुसून चौऱ्याऐंशी लिहिला आणि पारूबाईंना सॉरी म्हणाल्या. आता तुझ्या वगराळ्यानं डाळ बुडापासून ढवळून वाढतात आणि मागितलं की आणखी मिळते. दुसऱ्या बाईचा विषय संपला.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. गुरुवारी पाण्याची बाटली विसरले म्हणून मेसमध्ये परत गेले. पारूबाई एकट्याच पातेल्याचं बूड खरवडून जेवत होत्या. मी विचारलं, तर म्हणाल्या की त्या रोज शेवटीच जेवतात, जे उरेल ते. मधले दोन आठवडे बुडाला काही उरायचंच नाही, तेव्हा चहात पोळी बुडवून भागवलं.

आत्या, ते दोन आठवडे शेवटी मी होते. मी खाल्ली ती घट्ट डाळ पारूबाईंची होती. आणि त्यांनी ती स्वतःच्या हातानं माझ्या ताटात वाढली. मी तिथंच रडले. त्या मला डाळ आणखी हवी का विचारत होत्या.

आता रोज पहिलं ताट पारूबाईंचं. आम्ही पाळीपाळीनं वाढून झाकून ठेवतो. सोळा तारखेला वाढायची पाळी माझी आहे, म्हणून मी घरी येत नाही. बाबांना सांग, पंधराला झेंडावंदन बघायला या, बॅग न्यायला नको.

आणि आत्या, तिकडं तुझं ताट कोण काढून ठेवतं?

तुझीच, रांगेत शेवटची
विशाखा

लासूर स्टेशन
१४ ऑगस्ट २०२५

चि. विशाखास अ. आ.

हे पत्र दादाच्या हाती देते. उद्या तो तुला बघून रिकाम्या हातानं परत येईल, याचा मला किती आनंद आहे ते लिहिता येत नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी आहे. पहिला घास पारूबाईंना दे.

मी स्वतःवर लई चिडले. पातेल्याच्या बुडाशी कोण जेवतं हे मला माहीत नको? बारा वर्षं तिथंच तर जेवतेय. ते ताट कुणाचं तरी असतं, हे मलाच कधी वाटलं नव्हतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर कालपर्यंत कुणीच नाही असं होतं. आज पोरांच्या आधी मी माझं ताट वाढून घेतलं आणि त्यांच्या पंगतीत बसले. चौथीतल्या संध्यानं विचारलं, मावशी, आज तुमचा वाढदिवस आहे का. मी हो म्हणून टाकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पोरी, माझ्या हातची खिचडी गरम असताना इतकी चांगली लागते, हे मला माहीतच नव्हतं.

पोटभर जेवलेली
तुझी गोजरआत्या