जोडफोटोतले बाबा

बाबा,

आज मी इथे कुवेतमध्येच फहाहीलला गेले होते ती तुम्हाला माझ्या लग्नाच्या फोटोतून कायमचं काढून टाकायला. लेकीचा साखरपुडा ठरलाय आणि हॉलमध्ये आजी-आजोबांचे फोटो मोठे करून लावायचे, असं तिच्या डोक्यात आहे. त्यासाठी तिने कपाटातून नेमका तोच फोटो उचलला. "मम्मा, लूक! आजोबा किती प्राउड दिसतायत. ही लव्ह्ड यू सो मच." मी भाजी परतत होते, ती करपली. तुम्ही माझ्या लग्नाला आलाच नव्हता, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. आता ते खोटं व्याह्यांसमोर भिंतभर टांगलं जाणार म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं.

रत्नागिरीत तुम्ही माणसं रंगवायचात. वकील, हेडमास्तर, पेढीवाले तुमच्यासमोर तासन्‌तास बसायचे आणि मिशीचा केस न्‌ केस कॅनव्हासवर उतरायचा. मग घरोघरी फोटो आले, एवढा वेळ बसायला कुणी तयार होईना, तेव्हा तुम्ही ब्रशसोबत कॅमेरा उचललात आणि कुवेत गाठलंत. रुमैथियातल्या बड्या घरांतून वाडवडिलांची तैलचित्रं करायला बोलावणी यायची, पण तुमचं नाव झालं ते फहाहीलच्या स्टुडिओतल्या जोडफोटोंमुळे. नवरा इथे तेलाच्या कामावर, बायको तिकडे गुहागरला. तिचा फोटो पोस्टाने यायचा. तुम्ही तो कापून नवऱ्याशेजारी चिकटवायचात, सांधा ब्रशने बुजवायचात आणि त्यावरून नवा फोटो काढायचात. लोक म्हणत, या माणसाने किती संसार जोडले! स्वतःचा सोडून, हे कुणी म्हणत नसे, म्हणून मी म्हणते.

एका सुट्टीत आईने मला तुमच्याकडे आणलं होतं. मी दहा वर्षांची असेन. तुम्ही मला स्टुडिओतल्या स्टुलावर बसवलंय. समोरच्या दिव्याने डोळे चुरचुरतायत. तुम्ही जवळ येता, एका बोटाने माझी हनुवटी वर करता, डावा खांदा खाली दाबता. "अशीच बस. हलू नकोस." माझी पापणी लवते. "घालवलीस ना फिल्म फुकट! तुझ्यापेक्षा गिऱ्हाइकं शहाणी." त्यानंतर मी दगडासारखी बसले. त्या अख्ख्या सुट्टीत तुमचा हात मला लागला तो तेवढाच, पोझ नीट करायला.

लग्नाच्या वेळी तुम्ही कळवलंत, ईदची गर्दी आहे, दुकान सोडून येता यायचं नाही. कन्यादान काका-काकूंनी केलं. नवरा जिवंत असून आई बाजूला उभी. वर तुम्ही ग्रूप फोटोची कॉपी मागवून घेतलीत आणि काही महिन्यांनी तीच फ्रेम होऊन परत आली. मी खुर्चीत, आणि माझ्यामागे सुटाबुटात तुम्ही, माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवून. आई रडली. म्हणाली, "बघ गो, किती छान आलेत!" आलेत म्हणे! मला ती फ्रेम जमिनीवर आपटावीशी वाटली. आम्हा सगळ्यांवर ऊन उजवीकडून आणि तुमच्या तोंडावर स्टुडिओचा दिवा डावीकडून. जन्मभर उजेडावर पोट भरलेल्या माणसाला हे दिसलं नसेल? दिसलं असणारच. गिऱ्हाइकाच्या फोटोत तुम्ही अशी चूक कधी ठेवली नसतीत. लेकीच्या फोटोत चालली.

तुम्ही वारल्यावर मी नर्स म्हणून इथे आले, तुमच्याच गावात म्हणायचं. तुमच्या स्टुडिओच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. त्याच गल्लीत केरळचा एक टकलू गृहस्थ कॉम्प्युटरवर जुने फोटो दुरुस्त करतो. त्याला म्हटलं, "ये पीछेवाले को निकाल दो."

"कौन है, सिस्टर?"

"कोई नहीं."

मिनिटभरात तुम्ही गेलात आणि तुमच्या जागी मांडवाची कनात आली. सुंठीवाचून खोकला गेला, असं मी मनात म्हणेपर्यंत त्याने विचारलं, "हाथ भी?"

"हाथ भी."

हात गेला आणि माझा खांदा उघडा पडला. डावा खांदा खाली, हनुवटी जराशी वर. लग्नातल्या फोटोग्राफरने मला कसं बसायचं ते काही सांगितलं नव्हतं. कॅमेरा समोर आल्यावर मी आपसूकच तुम्ही बसवलं होतं तशी बसले होते. खांद्यावर हात होता तोवर त्या हाताच्या भाराने खांदा खाली गेलाय असं वाटायचं. आता ती नवरी कुणाची तरी वाट बघत वाकडी बसलेली दिसत होती. मला ते बघवेना.

"हाथ वापस डालो," मी म्हटलं.

"सिर्फ हाथ? अच्छा नहीं दिखेगा, सिस्टर. आदमी भी चाहिए ना."

"तो आदमी भी रहने दो."

माफ केलं असं समजू नका. तुम्ही आला नव्हता ते नव्हताच, आणि हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता असता तरी मी पाठवलं नसतं. लेकीला अजून काही बोललेले नाही. पण दुकानातून निघताना मी दारातून परत फिरले आणि त्या माणसाला म्हटलं, इनके मुँह पर धूप दाहिनी तरफ़ से कर दो.