उकळलेलं पाणी

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार. मी ठणठणीत आहे. खोली उबदार आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

काल फोनवर म्हणालो, छकुलीच्या वरच्या दुधाला विहिरीचं पाणी घेऊ नकोस. तू हसलीस. "अरे, उकळून घेते की!" पुढे मला बोलवेना, म्हणून लिहितोय.

आमच्या प्रयोगशाळेत विहिरींचं पाणी तपासायला येतं. इथेही शेतात आपल्यासारखाच युरिया ओततात. पिकाला लागून उरलेला युरिया नायट्रेट होऊन जमिनीत झिरपतो, विहिरीत उतरतो. पाणी मात्र काचेसारखं नितळ दिसतं. मोठ्यांना तो फारसा बाधत नाही, पण तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही.

परवा एक बाई बाटली घेऊन आली. तिचं तान्हं बाळ निळं पडून दगावलं होतं. पाण्यात नायट्रेट फार आहे, एवढंच मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मी रोज उकळून घेत होते हो." मी अहवाल सही करून तिच्या हातात दिला. मग हात धुऊन डबा खाल्ला. चव कळली नाही.

बाबांना म्हणावं, युरिया टाकताना हात आखडता घ्या. विहीर तपासून होईपर्यंत विकतचं पाणी आण.

उकळून नायट्रेट जात नाही, ताई. पाणी आटतं, तसा तो वाढतो. त्या बाईला हे सांगितलं नाही. तुला सांगतोय.

छकुलीला पापा.
तुझा,
धाकटा