क्लाराच्या निरोपाचा फ्लेक्स

१९ जानेवारी
अजून चार दिवस. कॉलेजच्या एक्स्चेंजवर आलेली जर्मनीची क्लारा महिनाभर आमच्या घरी आहे. मला पुरता वीट आलाय. रुमालात नाक शिंकरते, नीट घडी घालते आणि तोच रुमाल खिशात ठेवते. शी! ज्वारीच्या भाकरीला चॉकलेट फासते. म्हशीचा मुका घेते आणि त्याच तोंडाने माझ्या बायकोला, दीपमालाला, "आई" म्हणते. बायको विरघळते. मला मात्र "सुरेंद्र सर". महिनाभर इंडियन कल्चर मी शिकवतोय आणि आई ती! असो. मला काही फरक पडत नाही.

२० जानेवारी
निर्णय. निरोप ग्रँड करायचा. फ्लेक्स, शाल, इंग्लिश भाषण दोन पानं. भारावून तिच्या तोंडून "बाबा" निघेलच. त्यासाठी करत नाहीये, पाहुणचार म्हणून. दीपमाला म्हणाली, लेकीसारखी ओटी भरून देऊ, तेवढं पुरे. बायकांची धाव ओटीपर्यंत.

२१ जानेवारी, दुपारी
बोथ गावच्या फ्लेक्सवाल्या दौलतकडे फ्लेक्स छापायला टाकला. मध्ये माझा फोटो, मोठा. ती कोपऱ्यात. माझ्या फोटोला झेंडूचा जाड हार लावायला सांगितला. दौलत म्हणाला, हार काऊन लावून राह्यले जी, लोकं भलतं समजतीन. सत्काराला हार नाही तर काय मिरच्या लावतात? अडाणी. खाली "भावपूर्ण निरोप".

२२ जानेवारी
आज तो रुमाल जेवणाच्या टेबलावर. ओकारी यायची राहिली.
भाषण पाठ. "माय डॉटर" खोडलं. परत लिहिलं. संकल्प: आपण रडायचं नाही. रडेल ती.

२३ जानेवारी, सकाळी ८
फ्लेक्स आमच्या इचोड्याच्या चौकात, माझ्या दुकानासमोर. ट्रकवालेसुद्धा वळून बघतात. साडेदहाला दीपमाला क्लाराला इथे आणेल. भाषण, मग अकराची बस.

सकाळी १०
शेजारच्या विमलबाई डोळ्याला पदर लावून दुकानावरून चालल्या होत्या. मला बघून किंचाळल्या. म्हणाल्या, मी तं तुमच्याच घरी रडाले चाल्ली होती!
मूर्ख बाई.

१०.२०
नेरडीगोंड्याहून आतेभाऊ पंढरी जीप भरून माणसं घेऊन आला. कवा गेले म्हणून मलाच विचारतो. काय ही माणसं! अक्कल गहाण टाकलेली. आजूबाजूच्या चार दुकानांनी शटर ओढली. तेवढं मात्र बरं वाटलं.

१०.५०
फोन थांबत नाही. प्रत्येकाला सांगतोय, जिवंत आहे. दोघांनी विश्वास ठेवला नाही. क्लारा अजून आली नाही. शिस्त नाही.

दुपारी १
बस गेली.
घरीही रडायला बायका जमल्या होत्या. त्यांच्यातून वाट काढत या दोघी परस्पर स्टँडवर गेल्या. दीपमाला म्हणते, अकरा वेळा फोन लावला, तुमचा एंगेज. तिने स्टँडवरच ओटी भरली. क्लारा तिच्या गळ्यात पडून रडली. मग बस वळेपर्यंत खिडकीतून विचारत होती, बाबा कुठे आहेत?
मी चौकात जिवंत होतो.
फ्लेक्स काढला. भाषण खिशातच राहिलं. क्लाराने दीपमालाजवळ माझ्यासाठी एक वस्तू ठेवलीय. नवा रुमाल, कोपऱ्यात स्वतः दोऱ्याने भरलेलं एक वाकडंतिकडं "बाबा".
नाक शिंकरलं. नीट घडी घातली. खिशात ठेवला.
शी.