आडव्या बाटलीचं कुंकू

९ जानेवारी

लिही पूजे. सकाळी चुलीवर चहा ठेवलास अन् विसरलीस, पातेलं कोळसा झालं. तू गावाचं काय ध्यानात ठेवणार? मला लिहिता येत न्हाई, पण विसरताही येत न्हाई. म्हणून मी सांगते.

तर दारूच्या दुकानावर बायांचं मतदान ठरलं. चोवीस तारखेला. कागदावर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायांचा शिक्का आडवीवर पाहिजे. जी घरी बसली ती उभीच्याच बाजूची.

१३ जानेवारी

दिवाळी झाली अन् तुझी आई घर सोडून गेली. तुझा बाप, म्हणजे माझाच लेक, दारात पालथा पडल्ता. त्याला ओलांडून निघाली.

"आत्या, ते दुकान उठल्याबिगर ह्या घरात पाय ठेवणार न्हाई."

भावाच्या टोळीत गेली, अंकुशनगरला, ऊस तोडायला. मी अडवलं न्हाई. लेक माझा, पण बराबर ती होती. (हे लिहू का म्हणून विचारतेस? लिही!)

१८ जानेवारी

संक्रांतीचं हळदीकुंकू मारुतीच्या पारावर ठेवलं. विधवांनाही बोलावलं, मीच तर पहिली. वाण म्हणून मतदानाची तालीम. तुझ्या वहीच्या पानांवर बाटल्या काढल्या, भेंडी कापून तिचा शिक्का केला.

कागद गोळा केले, तर अर्ध्यांचा शिक्का उभीवर!

"अगं सत्यभामा, हे काय?"

"मंग? जिला मारायचं तिच्याच टाळक्यात हाणला ना!"

हसू नको. माझाही तिथंच होता.

मंग सांगितलं, बायांनो, शिक्का म्हणजे रट्टा न्हाई, कुंकू. जी पाहिजे तिलाच लावायचं. पुन्हा कागद वाटले. एक चुकली न्हाई.

२१ जानेवारी

तुझ्या आईला फोन. "टोळीतल्या आपल्या गावच्या सगळ्या आणते," म्हणाली. "पण घरी येणार न्हाई, आत्या." मी म्हटलं, मतदानाला शाळेत तर येशील?

२४ जानेवारी

काय ती रांग! शाळेपासून पिठाच्या गिरणीपर्यंत. सत्यभामा तर लेकीच्या लग्नातलं लुगडं नेसून आल्ती. दुकानाचा माणूस म्हणे, "आजी, हात थरथरून राह्यला, शिक्का चुकंल."

"तुझ्या गिऱ्हाइकाएवढा न्हाई थरथरत!"

अख्खी रांग हसली.

दुपारी टेंपो आला. तुझी आई उतरली, लुगड्यावर मळका शर्ट, हाताला चरे. मागं आपल्या साऱ्या. शिक्का मारून आली ती आपल्या पायरीपाशी थांबली. तुझा बाप तांब्या घेऊन बाहेर आला. शुद्धीत होता. मतदानापायी दुकान बंद, म्हणून. पाणी घेतलं तिनं. पायरी चढली न्हाई.

आता शाळेत मोजणी चालू आहे. टेंपोवाला हॉर्न वाजवून राह्यला, निकालापर्यंत थांबत न्हाई.

वही ठेव पूजे, पळ. आईच्या डब्यात भाकरी, ठेचा अन् कालवणात घालायला येसर दे. गुळाच्या पोळ्या बिलकुल देऊ नको. फडक्यात बांधून शिंक्यावर ठेव. त्या तिनं घरात बसून खायच्या.