मिलगेट यंदा आपलंच

सोमवार, २३ मार्च

मतदान ७ मेला. माझा नवरा क्लिफ कौन्सिलसाठी मिलगेट वॉर्डातून सहा वेळा उभा राहिला आणि सहाही वेळा पडला. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात म्हणाला होता, "एनिड, पुढच्या खेपेला मिलगेट आपलं." त्याला जाऊन दोन वर्षं होतील. पुढची खेप ती हीच.

यंदा उमेदवार गॅविन. शाळामास्तर आहे, दात चांगले आहेत. दारोदार जाऊन मतं मागायचं काम माझं. निकाल लागला की कबरीपाशी जायचं आणि एवढंच सांगायचं: क्लिफ, मिलगेट आपलं झालं. वाक्य आत्तापासून पाठ करते आहे.

संकल्प: कुणाच्या घरी चहा घ्यायचा नाही. दारात क्लिफचा विषय काढायचा नाही. बिस्किटं बंद.

बुधवार, २५ मार्च

जीन आली. प्रचाराची सगळी सूत्रं तिच्याकडे, आणि ती ते विसरू देत नाही. वॉर्डांच्या हद्दी बदलल्यात म्हणे, म्हणून नवा नकाशा दिला. मी म्हटलं, "मिलगेट माझ्या पायांना पाठ आहे. तीस वर्षं क्लिफबरोबर पत्रकं वाटलीत." ती म्हणाली, "हद्द बदलली हे कौन्सिलने तुझ्या पायांना कळवलेलं नाही, बाई. नकाशा वाच."

स्वयंपाकघरातलं टेबल कधीचं डुगडुगत होतं. नकाशाची घडी त्याच्या पायाखाली अगदी बरोबर बसली. जीन तशी उपयोगी आहे.

जाता जाता तिने माझ्या काही सह्या घेतल्या. शेजारच्या क्रॉफ्ट वॉर्डात आपल्या पक्षाकडून उभं राहायला कुणी नाही, मतपत्रिकेवर नावापुरतं कुणीतरी हवं. म्हणाली, "घाबरू नकोस. तिथे आपण देवदूत उभा केला तरी पडेल." चष्मा सापडत नव्हता. तशाच सह्या केल्या.

शनिवार, ४ एप्रिल

टेकडीवरच्या क्वॉरी वस्तीपासून सुरुवात. क्लिफ नेहमी टेकडी आधी घ्यायचा, म्हणजे दमल्यावर उतार. बरोबर त्याचा लाकडी चमचा. पत्रक दाराच्या फटीतून चमच्याने आत ढकलायचं, बोटाने नाही. हे शहाणपण त्याला एका टेरियर कुत्र्याने शिकवलं. त्या वर्षी बोटाचं टोक आणि निवडणूक एकाच आठवड्यात गेली.

मिसेस पिकल्सकडे चहा घ्यावा लागला, पाऊस होता. (पाऊस नव्हता.) तिने विचारलं, "हा गॅविन कोण?" दहा मिनिटं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तो राहू दे गं. तू आलीस ना दारात? मग झालं." नोंद: पक्कं मत.

रविवार, १२ एप्रिल

पुन्हा क्वॉरी. मिस्टर अन्सारींनी खुर्ची बाहेर आणून दिली. म्हणाले, "तुमच्या मिस्टरांनी आमच्या गटारासाठी कौन्सिलचं डोकं खाल्लं, तेही निवडून न येता. निवडून आलेला अजून एकदाही वास घ्यायला आला नाही." विषय त्यांनी काढला, तेव्हा संकल्प मोडला असं म्हणता येणार नाही. तासभर बसले. गॅविनचा उल्लेख राहिला. उठताना घाईने केला. "कोण?" म्हणाले.

पत्रकावरचा फोटो लहान आहे, दुसरं काही नाही.

रविवार, १९ एप्रिल

जीनचा फोन. "कालव्याकाठचे नवे फ्लॅट झाले का? तिथे ढीगभर मतं आहेत." पुढच्या आठवड्यात, असं सांगितलं. तिथे दाराऐवजी बटणं आहेत. बटण दाबलं की भिंत बोलते, माणूस येत नाही. क्लिफ तिथे कधीच गेला नव्हता. (फ्लॅट तेव्हा नव्हते. पण असते तरी गेला नसता.)

सध्या लायब्ररीतून रोमन इतिहास आणलाय. उशीएवढा जाड. क्लिफ गेल्यापासून संध्याकाळी असंच काहीतरी जाड लागतं, बारीक पुस्तक आठच्या आत संपतं. रोमन सेनापतीसुद्धा टेकडी आधी ताब्यात घ्यायचे. जीनने इतिहास वाचलेला नाही.

शुक्रवार, १ मे

क्वॉरीत एकही नकार नाही! मिसेस पिकल्सकडे पाच वेळा जाऊन आले, मत पक्कंच आहे.

खाटकाच्या दुकानात रॉन बिकरस्टाफ भेटला. मिलगेटचा कौन्सिलर. क्लिफला चार वेळा पाडणारा हाच. म्हणाला, "काय गं एनिड, रोज त्या टेकडीवर कुठे निघालेली असतेस? प्रेमात पडलीस की काय या वयात?" मी म्हटलं, "तुझी खुर्ची खाली आणायला जाते." तो इतका हसला की हातातला मटणाचा पाय जमिनीवर पडला. माणूस मनातून घाबरला की असाच हसतो.

फ्लॅट राहिले. गुडघा दुखतो. बिस्किटांबद्दल आज लिहीत नाही.

गुरुवार, ७ मे, सकाळ

मतदान. मिलगेटच्या केंद्राबाहेर खुर्ची टाकून बसले आहे. कोटावर क्लिफचं पक्षाचं जांभळं रिबिनीचं फूल, त्याखाली "गॅविन" असं मोठं स्टिकर. शेजारी रॉनची माणसं. त्यांनी टॉफी दिली, मी घेतली. टॉफी म्हणजे बिस्किट नव्हे.

क्वॉरीची मंडळी अजून दिसली नाहीत. कामावरून सुटल्यावर येतील.

संध्याकाळ

अजून नाहीत. फ्लॅटवाले मात्र झुंडीने येतायत. ओळखीचा चेहरा एक नाही.

मिसेस पिकल्सला फोन केला. "टाकलं गं, तुलाच टाकलं. सकाळी नऊलाच," म्हणाली. म्हणजे मी बाथरूमला गेले होते तेव्हा. सगळी वस्ती नेमकी तेव्हाच येऊन गेली असणार. समाधान वाटलं.

रात्र, मोजणी

खेळाच्या हॉलमध्ये आहोत. मोजणारे टेबलांशी, आम्ही कठड्याबाहेर माना ताणून. गॅविनचा गठ्ठा बारीक आहे. त्याचे चांगले दात दिसेनासे झाले. मी म्हटलं, "धीर धर, अजून क्वॉरीची पेटी फुटायची आहे."

जीन वळली. "एनिड, क्वॉरीची पेटी इथे कशी येईल?"

"का? ती मिलगेटमध्ये नाही?"

"गेल्या वर्षीच क्रॉफ्टमध्ये गेली. तुला नकाशा दिला होता." मग हळूच, "आणि फ्लॅट केलेस ना?"

मी गुडघ्याबद्दल सांगायला लागले. तिने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "अरे, ही थ्रेलफॉल कोण?"

थ्रेलफॉल मी.

शुक्रवार, ८ मे, पहाटे

मिलगेट: गॅविन पडला. क्लिफसुद्धा कधी इतक्या मतांनी पडला नव्हता.

क्रॉफ्ट: एनिड थ्रेलफॉल, सतरा मतांनी विजयी.

मंचावर गेले, कोटावर मांजराचे केस आणि छातीवर "गॅविन". वर्तमानपत्रवाल्याने फोटो काढला. रॉन टाळ्या वाजवत म्हणाला, "या, कौन्सिलर बाई! माझी खुर्ची राहू द्या, शेजारची घ्या." गॅविनने हात मिळवला. जीनने घरी सोडलं. वाटेत एकदाच म्हणाली, "तुझ्या त्या नवऱ्याला सहा वेळा मी चुकीच्या टेकडीवर पाठवायला हवं होतं."

शुक्रवार, सकाळ

कबरीपाशी जाऊन आले. पाठ केलेलं वाक्य उपयोगाचं नव्हतं. म्हटलं, "क्लिफ, जरा चूक झाली." मग सगळं सांगितलं, फ्लॅटांसकट. तो आधी हसला असता. मग दोन दिवस रुसला असता, आणि तिसऱ्या दिवशी अन्सारींच्या गटाराची फाईल काढून बसला असता. फूल तिथेच ठेवणार होते. ठेववलं नाही, परत आणलं.

संकल्प: सोमवारी राजीनामा. खुर्ची त्याला हवी होती, मला नाही.

घरी पोहोचते तो मिसेस पिकल्सचा फोन. "कौन्सिलर बाई, आमचा कचऱ्याचा डबा दोन आठवडे कुणी उचलला नाही."

मी ठणकावून सांगितलं, "सोमवारी मी राजीनामा देते आहे."

"दे की," ती म्हणाली. "आज शुक्रवार आहे."

टेबलाखालून नकाशा काढला, वर पसरला. टेबल डुगडुगलं. चहा सांडला, सगळा मिलगेटवर. क्वॉरी कोरडी आहे, नीट वाचता येते.